मारोतरावांच्या नावाची कार्डं

गोपिकाकाकूंना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नसे. विकेट पडली की टाळ्या वाजवायच्या की कपाळावर हात मारायचा, हे त्या समोरच्याचं तोंड पाहून ठरवत. तरी एकोणीसशे पंच्याऐंशीच्या फाल्गुनात नागपूरच्या तांडापेठेतल्या आमच्या गल्लीला क्रिकेटच्याच एका फासातून सोडवलं ते त्यांनी. गल्लीत आजही ही गोष्ट भुताची म्हणून सांगतात. मला त्याचा राग येतो. भूत असतं तर एक वेळ परवडलं असतं, ते निदान घरचं असतं.

मी शोभा. लग्न होऊन धरमपेठेतून इकडे आले तेव्हा माझ्या शुद्ध बोलण्याची गल्लीत भारी टिंगल होई. मास्तरीणबाई म्हणत मला. माझे वडीलही कोष्टीच, पण माग सोडून कचेरीत लागलेले, त्यामुळे धोटा हातात कसा धरतात तेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. ते शेजारच्या गोपिकाकाकूंनी शिकवलं. बाई अंगानं काडी, पण कामाला वाघीण. अक्षरओळख नव्हती. लुगड्याच्या काठात एक धागा चुकला तर मात्र डोळे मिटून, नुसता हात फिरवून सांगत.

त्यांच्या घरात माग एकच होता. सागवानी, जुना, खड्ड्याचा. म्हणजे विणणाऱ्यानं जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि पायानं खालच्या फळ्या दाबायच्या. तो त्यांच्या नवऱ्याचा, मारोतरावांचा. त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात एका दुपारी मारोतराव त्या मागावर बसल्या बसल्या गेले. पाय खड्ड्यात, धोटा हातात, बाजूला रेडिओ चालू. लुगडं अर्धंच झालं होतं. आमच्यात अर्धं लुगडं मागावरून कापत नाहीत. विणणाराच गेला तर मग कापतात, कारण दुसरा इलाज नसतो. ते काम चंपतरावांनी केलं, आणि तेरवी झाल्यावर काकू स्वतः त्या खड्ड्यात उतरून विणायला बसल्या.

चंपतराव म्हणजे काकूंचे धाकटे दीर. लग्न केलं नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यानं विणकाम सुटलं होतं. काकूंची लुगडी विणकरांच्या सोसायटीत नेऊन द्यायची, येताना सूत आणायचं, एवढंच त्यांचं काम, म्हणजे दोघांचंही पोट त्या एका मागावर होतं. बाकी वेळ रेडिओ. दोघे भाऊ क्रिकेटचे वेडे होते. सामन्याच्या आधी मारोतराव एक सांगायचे, चंपतराव हट्टानं उलटं सांगायचे, आणि खरं व्हायचं मारोतरावांचं. दादाच्या जिभेवर तीळ आहे, असं चंपतराव कौतुकानं म्हणत. हरल्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही.

त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चात ऑस्ट्रेलियात मोठी स्पर्धा होती. सगळे देश उतरले होते. आपली पहिली गाठ पाकिस्तानशी, बुधवारी. मंगळवारी दुपारी मी आणि काकू ओट्यावर सूत सोडवत बसलो होतो आणि पोस्टमन रुपराव सायकल टेकवून ओरडला, "मारोतराव पौनीकर, कार्ड!" रुपराव आमच्या भागात नवीन होता, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. काकूंच्या हातातलं सूत तिथंच थांबलं. आतून चंपतराव आले, त्याच्या हातातलं टपाल घेतलं, वरचं कार्ड नाकाला लावून वाचलं, सगळं बंडीच्या खिशात घातलं. सोसायटीचं आहे म्हणाले. सोसायटी मेलेल्या माणसाला कशाला पत्र घालेल, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून मी पुन्हा सूत सोडवू लागले.

बुधवारी भारत जिंकला. गल्लीत फटाके वाजले. चंपतराव नाचले नाहीत. ते घरात गेले आणि त्यांनी मागाच्या चौकटीवर पान-सुपारी ठेवली.

पुढच्या सोमवारी पुन्हा तीच हाक आली. मग शनिवारी पुन्हा, आणि नंतर एकदा नाही, दोनदा. मेलेल्या माणसाच्या नावानं भर दुपारी दारात हाक पडायची आणि त्याचा भाऊ निमूट उठून ती घ्यायचा. चंपतराव अन्न कमी खाऊ लागले. चेहऱ्यावर मात्र एक तेज आलं होतं, नव्या नवरदेवाच्या असतं तसं, आणि ते पाहवत नव्हतं. सामना असला की ते काकूंना मागावरून उठवायचे. रेडिओचं तोंड मागाकडे करायचे आणि भिंतीशी बसायचे. दादाला थोडं बसू द्या वहिनी, असं म्हणत. काकू बाहेर येऊन बसायच्या. आत रिकाम्या मागासमोर कॉमेंट्री चालू असायची.

एकदा आम्ही दोघी नळावर होतो. त्यांच्या घरातून मागाचा आवाज आला. खट, मग जरा थांबून खट. काकूंनी बादली खाली ठेवली. आम्ही दारातून पाहिलं तर चंपतराव लांब भिंतीशी, डोळे मिटून. माग रिकामा. ताण्याचे उभे धागे तेवढे हलत होते. मागच्या गल्लीतल्या मागाचा आवाज असेल, मी म्हटलं. मागच्या गल्लीत माग नाहीत, काकू म्हणाल्या. तो आवाज कशाचा होता ते मला आजही सांगता येणार नाही, आणि उगाच काही जुळवून सांगायची माझी इच्छाही नाही.

परतताना त्या हळूच बोलल्या. "नाव घेते न तो डाकवाला, मले वाटते, आतून 'हाव, आलो' म्हणतीन ते." मी त्यांचा हात धरला. त्यांना भीती वाटत नव्हती, त्यांना ती हाक हवीशी वाटत होती, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, एक लाकडाचा व्यापारी आला आणि त्यानं काकूंच्या देखत माग मोजला. लांबी, रुंदी, खांबांची जाडी. काकूंनी विचारलं तर म्हणाला, चंपतरावांनी सौदा केला आहे, उद्या अकराला हातगाडी घेऊन येतो, तोवर वरचं लुगडं उतरवून ठेवा. लुगडं अर्धं होतं. काकूंनी दिराला जाब विचारला. चंपतरावांनी एवढंच सांगितलं की हे दादाचंच सांगणं आहे, माग दादाचा आहे, आणि सोमवारी दहा माग येतील.

चंपतराव नळावर गेल्याचं पाहून काकूंनी त्यांची पत्र्याची पेटी उघडली आणि कार्डं पदराखाली घालून माझ्याकडे आल्या. दार लावून घेतलं. "वाचून दाखव वं शोभा. काहीच गाळू नोको."

सहा कार्डं होती. अक्षर सरळ, वळणदार, शाळेच्या फळ्यावर असतं तसं. खाली सही नाही. 'श्री. मारोतराव पौनीकर यांस. बुधवारी भारत जिंकेल. कोणास सांगू नये. सांगितल्यास पुढचे पत्र येणार नाही.' दुसऱ्यात इंग्लंडविरुद्ध भारत, तिसऱ्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारत, चौथ्यात न्यूझीलंडविरुद्ध भारत. पाचव्यात पाकिस्तान वेस्ट इंडिजला हरवील असं होतं. ते वाचताना मी अडखळले, कारण वेस्ट इंडिज हरेल असं त्या आठवड्यात नागपुरात शहाणा माणूस म्हणाला नसता, आणि ते हरले होते. प्रत्येक कार्डावरचा शिक्का सामन्याच्या आधीचा होता. मी तो दोनदा पाहिला.

सहावं त्याच दिवशीचं. 'रविवारी अंतिम सामना. शनिवारी दुपारी माणूस येईल. घरात जे असेल ते त्याच्या हाती द्यावे. तोच निकाल सांगेल. सोमवारी दसपट परत मिळेल. कोणास सांगू नये.'

मी बी.ए. झालेली बाई. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझा विश्वास बसला होता. काकू, हे कोणाला बोलू नका, असं मीच म्हटलं. त्यांनी विचारलं, काहून? मी म्हटलं, तसं लिहिलंय म्हणून. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी पदवी परत करावीशी वाटली.

"जो म्हणते कोणाले सांगू नोको, त्याचं पहिले गावाले सांगावं," त्या म्हणाल्या, आणि कार्डं घेऊन गेल्या.

शनिवारी सकाळी गल्लीत जागेश्वरची पांजणी होती. पांजणी म्हणजे नवा ताणा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचा आणि कुंचल्यानं त्याला खळ लावायची. एका घराचं ते काम नाही. खळ वाळायच्या आत उरकावं लागतं, म्हणून सारी गल्ली दोन्ही बाजूंनी उभी राहते, मजुरी कोणी घेत नाही, आणि भांडण असलं तरी त्या दिवशी येतातच. चंपतराव तेवढे आले नव्हते. ते घरात मागाशेजारी कात्री घेऊन बसले होते.

काकू ताण्यापाशी आल्या, माझ्या हातात कार्डं दिली आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच म्हणाल्या. पहिलं कार्ड वाचलं आणि दोन्ही बाजूंचे कुंचले थांबले. कोणी कोणाकडे पाहिना. ताण्यावरून खळीचे थेंब मातीत पडू लागले.

मग जागेश्वर खाली पाहूनच बोलला. "मले बी आलं होतं. माह्या कार्डात पाकिस्तान जिंकन म्हणून होतं."

तो घरात जाऊन कार्ड घेऊन आला. तेच अक्षर, तीच शाई, तोच मंगळवारचा शिक्का. मग देवराव बोलला. त्याला दोन खरी आली होती, तिसरं खोटं निघालं, त्यानंतर काही आलं नाही. एकेक करून सात घरांतून कार्डं निघाली आणि आमच्या ओट्यावर मांडली गेली. ज्याचं कार्ड खोटं निघालं होतं, त्यानं ते लपवलं होतं. कारण प्रत्येकानं बायकोला तरी सांगितलंच होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपण तोंड उघडलं म्हणून वाणी खोटी झाली. ज्याचं खरं निघत होतं तो तर भीतीनंच गप्प. एका भिंतीला भिंत लागलेली घरं, आणि तीन आठवडे सगळे एकमेकांपासून तोंडं लपवत वावरले. सहाही सामन्यांपर्यंत कार्डं आली ती फक्त मारोतरावांना.

ओट्यावर ती कार्डं बघताना मला भुतापेक्षा वाईट वाटलं. कोणीतरी कुठंतरी शांतपणे बसून एकाच दिवशी निम्म्यांना हे आणि निम्म्यांना ते लिहीत होता, आणि आमच्यातला एकेक जण खोटा ठरला की त्याला सोडून देत होता.

काकू घरात गेल्या. आम्ही दारात उभे राहिलो. चंपतरावांनी बाहेरचं सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, बाकीच्यांची खोटी निघाली, दादाचं एकही खोटं निघालं नाही, मग सांगा. काकू वाद घालत बसल्या नाहीत. त्या खड्ड्यात उतरल्या आणि पायानं फळी दाबली. निम्मे धागे वर गेले, निम्मे खाली.

"पाहा भाऊजी. दर वेळी अर्धे वर, अर्धे खाली. हजारात एखादा धागा असा राहते का तो दर वेळी वरच गेला. त्याले विचारलं तर तो म्हणन, देवानं मलेच उचललं. पाय कोणाचा हाय ते त्याले दिसत नाई."

चंपतराव धाग्यांकडे पाहत राहिले. त्यांच्या दुधाळ डोळ्यांना कितपत दिसत होतं कोण जाणे. मी दारातून मध्ये पडले, म्हटलं, पण काका, त्या लुच्च्याला मारोतरावांचं नाव कुठून कळलं? मला खरंच तेवढं एक उमगत नव्हतं.

त्यांनी कात्री मांडीवरून खाली ठेवली आणि बोलू लागले. जानेवारीत नागपुरात इंग्लंडशी सामना झाला तेव्हा तिकीट नव्हतं, म्हणून गल्लीतल्या बाकीच्यांसारखेच ते मैदानाबाहेर उभे होते. तिथं एक माणूस टेबल टाकून बसला होता. वहीत नाव-पत्ता लिहिला की भारताच्या टीमचा रंगीत फोटो फुकट. एका नावाला एकच फोटो. त्यांनी आपलं नाव लिहिलं, फोटो घेतला. मग पुन्हा रांगेत लागले आणि भावाचं नाव लिहिलं.

"दोन पायजे होते मले," ते म्हणाले. "सगळं दोन-दोन आणाची सवय होती."

काकू खड्ड्यातून त्यांच्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी जे विचारलं ते आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. "मंग तुमच्या नावाचं कार्ड काहून नाई आलं?"

चंपतराव चुलीकडे पाहून बोलले. "आलं होतं. पहिल्याच दिवशी, दादाच्या कार्डासंगच. माह्यात पाकिस्तान लिहिलं होतं, दादाच्यात भारत." त्यांचा आवाज अगदी लहान झाला. "मी चुलीत टाकलं ते. मले वाटलं, नेहमीसारखंच झालं. माहं खोटं, दादाचं खरं."

सगळ्या गल्लीला जे कळायला सात घरांची कार्डं लागली, ते या माणसाच्या दोन हातांत पहिल्याच दुपारी होतं. एका हातात हे, दुसऱ्या हातात ते. आणि त्यानं त्यातलं आपलं तेवढं जाळलं. मला त्यांच्यावर चिडायचं होतं, गेले तीन आठवडे मी चिडलेलीच होते, पण तिथं उभं राहून मला नुसतं रडू आलं.

अकराला व्यापारी हातगाडी घेऊन आला, त्याला काकूंनी दारातूनच लावून दिलं. मग बायका पुन्हा ताण्याला खळ लावू लागल्या आणि गल्लीतले पुरुष ठरवून ओट्यांवर बसले. माणूस आला की धरायचा आणि ठाण्यात न्यायचा. जागेश्वरनं तर दोरी काढून ठेवली होती.

तो साडेबाराला आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, सायकलच्या दांड्याला कापडी पिशवी. एखाद्या मुलाला स्थळ बघायला आलेल्या मामासारखा दिसत होता. त्यानं सायकल टेकवली, सगळ्यांना नमस्कार केला आणि मृदू आवाजात विचारलं, "मारोतराव पौनीकर इथंच राहतात ना?"

चंपतराव उठले. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. "राहत होते. मेले ते. दोन वर्षं होऊन राहिले." हे शब्द त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकले. दोन वर्षं ते दादा नाही म्हणत, दादा असता तर म्हणत, पण हा शब्द त्यांनी उच्चारला नव्हता.

तो माणूस दचकेल असं मला वाटलं होतं. तो दचकला नाही. त्यानं खिशातून घडी घातलेली यादी काढली, कानावरची पेन्सिल घेतली, बोटानं नाव शोधलं आणि त्यावर एक रेघ मारली. यादी लांब होती आणि बहुतेक सगळ्या नावांवर रेघा होत्या. "माफ करा हं, कष्ट दिले," तो म्हणाला, आणि सायकलवर बसला. आम्ही दहा-बारा जण तिथं होतो आणि एकाचाही हात उठला नाही. त्याच्या त्या शांतपणानं आमचे पाय जागच्या जागी धरून ठेवले. जागेश्वर भानावर येऊन धावला तोवर तो कोपऱ्यावरून दिसेनासा झाला होता. आम्ही ठाण्यात जाऊन कार्डं दिली. पुढे कळलं की शहरात दुसरीकडे दोघांनी त्याला घरातलं होतं नव्हतं ते दिलं होतं. रविवारी भारत जिंकला, हे जगाला ठाऊक आहे. त्या दोघांना निकाल खराच सांगितला होता म्हणे, पण सोमवारी कोणी फिरकलं नाही.

ते सगळं नंतरचं. त्या दुपारी चंपतराव चौकट सोडून आत आले आणि मागाशेजारी, जिथं सामन्याच्या वेळी बसत, तिथं भिंतीला टेकून बसले. मी पाणी घेऊन गेले तर घेईनात. "वहिनी," ते म्हणाले, "त्यानं दादाच्या नावावर रेघ मारली."

काकू त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या. "मारू द्या भाऊजी. खरंच हाय ते. रडा आता."

चंपतराव रडले, आणि नवऱ्याच्या मातीलासुद्धा ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, त्या काकूही त्यांच्या खांद्याला धरून रडल्या. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन, वाळत चाललेल्या ताण्यावर सगळ्यांबरोबर कुंचला फिरवू लागले.